बाबनरावांचे स्वच्छ हात

बाबनराव हेडाऊ यांचे तळहात, मनगटे, मान आणि अंगातली बंडी यांपैकी कशावरही तणनाशकाचा अंश सापडला नाही. त्यांच्या लघवीत तो सापडला.

दोन्ही निष्कर्ष एकाच आठवड्यातले आणि एकाच यंत्रावरचे होते. यंत्र नागपुरात, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत होते. एरवी त्यावर संत्री, मिरची आणि तांदूळ यांवरचे रासायनिक अवशेष मोजले जात. मोजणारी मयुरी हेडाऊ ही बाबनरावांची एकुलती एक मुलगी. वरिष्ठांची परवानगी तिने रीतसर घेतली होती. परदेशी निघालेली संत्री आणि वडिलांची लघवी एकाच दिवशी यंत्राला लावायची नाही, एवढी एक अट त्यांनी घातली, आणि ती वाजवी होती.

बाबनराव खाप्याचे. कन्हानच्या काठी असलेल्या त्या गावातल्या कोष्टीपुऱ्यात त्यांचा जन्म गेला. चाळिशी उलटेपर्यंत ते हातमागावर बसले, ताण्यातून सुताचा धोटा इकडून तिकडे फेकीत रेशीमकाठी पातळे विणली. मग सूत महागले, सोसायटी बंद पडली, आणि आळीतले माग एकेक करून सरपणात गेले. कोणी नागपुरात यंत्रमागावर गेला, कोणी पानठेला टाकला. बाबनरावांनी पाठीवर फवारणीचा पंप घेतला आणि ते सावनेर, पारशिवनीकडच्या वावरांतून रोजाने तणनाशक मारू लागले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. किडीचे औषध जरा इकडेतिकडे उडाले तर कोणी विचारत नाही. तणनाशकाची एक झुळूक शेजारच्या कपाशीवर गेली, की तिची पाने बोटांसारखी चिरत जातात आणि दोन घरांतले बोलणे बंद होते. बाबनरावांचा हात विणकराचा होता. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडचे तण पिवळे आणि पलीकडची कपाशी हिरवी, अशी रेघ ते काठ काढावा तशी काढीत. वीस वर्षांत त्यांच्यामुळे कोणत्याही दोन घरांचे बोलणे बंद पडले नाही. गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर मारायचे ‘टू-फोर-डी’ हे त्यांचे नेहमीचे औषध. औषध हा शब्द त्यांचा. मयुरी रसायन म्हणे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना थकवा येऊ लागला. कुठे धक्का लागला नसतानाही दंडावर निळे डाग उमटत, आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटे. नागपुरात तपासण्या झाल्या. प्लीहा वाढली होती, रक्तातल्या पेशी घटल्या होत्या. हाडातला मगज काढून पाहिल्यावर आजाराचे नाव कळले: हेअरी सेल ल्युकेमिया. रक्ताच्या कर्करोगाचा हा प्रकार इतका दुर्मीळ, की डॉक्टरांनी स्वतः त्याचे मोजकेच रुग्ण पाहिले होते.

“सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या कडेला केसांसारखे तंतू दिसतात,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून हे नाव.”

बाबनरावांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. “असं होय,” ते म्हणाले. “गेले कुठी होते ते आता समजलं.”

त्यांची बायको जनाबाई तेव्हा पदर तोंडाला लावून रडत होत्या. रडता रडता त्यांना हसू फुटले. दवाखान्यात आपल्याला हसवल्याबद्दल पुढे महिनाभर त्या नवऱ्याला बोलत राहिल्या.

आजार दुर्मीळ असला तरी उपचाराला दाद देणारा निघाला. आठवडाभराची सलाइन, मग काही महिने अशक्तपणा, आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रक्ताचे आकडे जागेवर आले. डॉक्टरांनी एकच ताकीद दिली. फवारणी पुन्हा नाही.

“फवारणीनंच झालं न ते?” भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक मयुरीला विचारी.

“माहीत नाही,” मयुरी सांगे.

हे उत्तर कोणाला आवडत नसे. एम.एस्सी. झालेल्या पोरीला एवढेही माहीत नाही, असे म्हणत लोक चहा संपवीत. पण उत्तर खरे होते. अशी रसायने हाताळणाऱ्यांत रक्ताचे काही दुर्मीळ कर्करोग जरा जास्त आढळतात, असे काही अभ्यास सांगत. काही अभ्यासांत तो फरक दिसत नसे. जिथे दिसे तिथेही जवळपास सगळे फवारणारे हा आजार न होताच म्हातारे होत. हजारो माणसांबद्दल जे सांगता येते ते एका माणसाबद्दल सांगता येत नाही, आणि मयुरीला एकाच माणसाशी कर्तव्य होते. कारण मागे कुठे होते हे तिला ठरवता येत नव्हते. पुढे ते शरीरात जाऊ नये, एवढे मात्र तिला पाहता येणार होते.

म्हणून तिने दर महिन्याला नमुना घ्यायचे ठरवले. टू-फोर-डी शरीरात साठून राहत नाही. थोड्या दिवसांत त्याचा बहुतेक भाग लघवीवाटे निघून जातो. त्यामुळे लघवीत ते दिसले तर ते याच आठवड्यात आत गेले असा सरळ अर्थ होतो. मयुरीने वडिलांपुढे अट ठेवली: नमुन्यात ते पुन्हा सापडले, तर खापा सोडायचे आणि नागपुरात मानेवाड्याला तिच्या घरी राहायला यायचे.

ही शिक्षा होती हे दोघांनाही ठाऊक होते. उपचारांच्या वेळी बाबनराव त्या तिसऱ्या मजल्यावर राहिले होते. ओटा नाही, आळी नाही, येणारे-जाणारे नाही. “इथी माणूस कबुतरासंग बोलते,” असे त्यांचे मत पडले होते. तरीही त्यांनी अट मान्य केली. “मले मारायचंच नाही औषध, त भेव कायचं?”

पंप त्यांनी शेजारच्या पंकजला देऊन टाकला. पंकज तिशीतला, थोडी शेती करणारा, घाईचा माणूस होता. पण बाबनरावांच्या हातांना काहीतरी चाळा हवा होता, आणि तो पंकजनेच आणून दिला: तुंबलेली नोझले. नोझल म्हणजे फवारणीच्या नळीच्या टोकाला बसणारी पितळेची बोंडाएवढी टोपी. तिच्या भोकातून सुईही जेमतेम जाते, आणि भोकामागे एक बारीक जाळी असते. बोअरच्या जड पाण्याने आणि औषधाच्या साक्याने ती सारखी तुंबते. लोक ती फेकून नवी घेत. बाबनराव ती सुईने मोकळी करून देत, तीही अशी की फवारा पंख्यासारखा सरळ पडावा. दिवाळीपर्यंत त्यांच्या ओट्यावर आसपासच्या गावांतली नोझले येऊ लागली.

मयुरीने हे काम बंद पाडले नाही. तिने त्याला नियम घातले. पंप ओट्यावर येता कामा नये, फक्त नोझल. नोझल आधी रात्रभर साबणाच्या पाण्यात. हातात रबरी मोजे. काम झाल्यावर पाणी चुलीपासून आणि झाडांपासून दूर ओतायचे. मोजे तिने स्वतः नागपूरहून आणून दिले आणि ते कसे चढवायचे, कसे उतरवायचे हेही शिकवले. बाबनरावांनी सगळे नियम पाळले. जनाबाई म्हणत, इतके तर त्यांनी सासऱ्याचेही ऐकले नव्हते.

पावसाळ्यातले नमुने कोरे निघाले. गहू पेरून झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात टू-फोर-डी आले.

मयुरीने फोन केला नाही. रविवारी ती खाप्याला गेली. जनाबाईंनी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी केली होती. पहिला घास होईपर्यंत तिने धीर धरला.

“बाबा, पंप धरला होता तुमी?”

“नाही.”

“पंकजच्या वावरात गेले होते?”

“गेलो होतो. धुऱ्यावर उभा राहून त्याच्या चुका काढून राहिलो होतो.”

“किती दूर होते?”

“त्याले शिव्या आयकू येईन इतका.”

“वारा तुमच्याकडे होता का त्याच्याकडे?”

बाबनरावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “पोरी, मी वीस वर्सं वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्या एका दिवशी तोंड करीन काय?”

“मंग ते आलं कुठून?”

“ते तुह्या मशीनीले विचार. मले काय विचारतं?”

जनाबाईंनी मधेच मुलीच्या ताटात भाजी वाढली. “तुह्या बापाले खोटं बोलता येत नाही वं. लगनाच्या वेळी माह्या बाबानं वय विचारलं, त यायनं खरं सांगतलं. मंग माह्या बाबाले चार महिने इचार करा लागला.”

“अन् मंग दिली न पोरगी?” बाबनराव म्हणाले.

“तवरोक दुसरं कोणी आलं नव्हतं म्हून.”

मयुरीला हसू आले. तरी माणूस प्रामाणिक असणे हा पुरावा होत नाही, हे ती विसरली नाही. जेवणे झाल्यावर तिने पिशवीतून नमुन्यांचे साहित्य काढले. निर्जंतुक कापसाची पट्टी द्रावणात भिजवायची, कातडीवरून ठरावीक दाबाने फिरवायची आणि झाकणाच्या बाटलीत टाकायची. तिने वडिलांचे दोन्ही तळहात पुसले, मनगटे पुसली, मान पुसली. अंगातली बंडी काढून घेतली. बाबनराव पाटावर उघडे बसून डोळे मिटून होते.

“पूजा करून राहिली काय माही?”

“हलू नका.”

“नैवेद्य झाला. आता आरती म्हण.”

मग तिने नळाचे पाणी एका बाटलीत भरले. नवराबायको एकाच मडक्यातले पीत होते, एकाच पिठाची भाकर खात होते. जे पाण्यातून किंवा अन्नातून येईल ते दोघांतही यायला हवे. म्हणून एक रिकामी बाटली तिने आईपुढे धरली. जनाबाईंनी आधी मुलीकडे, मग बाटलीकडे पाहिले.

“माही बी?”

“तुही बी.”

“एस्टीत घेऊन जाशीन हे? कोणी विचारलं त काय सांगशीन?”

“मोसंबीचा रस.”

“मेले मी,” जनाबाई म्हणाल्या, आणि बाटली घेऊन परसात गेल्या.

आठवडाभरात आकडे आले. पाणी कोरे. जनाबाई कोऱ्या. तळहात, मनगटे, मान, बंडी, सगळे कोरे. बाबनरावांच्या लघवीत टू-फोर-डी होते, आणि मागच्यापेक्षा जरा जास्तच होते.

मयुरीने पहिला संशय स्वतःवर घेतला. एवढ्या आपुलकीने केलेले मोजमाप बिघडायला वेळ लागत नाही. तिने वडिलांची, आईची आणि स्वतःची अशा तीन लघव्या फक्त क्रमांक घातलेल्या बाटल्यांत भरून शेजारच्या टेबलावरच्या रजतला दिल्या. कोणाची कुठली हे सांगितले नाही. रजत तिचा सहकारी होता, कामात चोख आणि बोलण्यात अघळपघळ.

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. “दोन नंबरमध्ये आहे, बाकी दोन साफ. हा माणूस फवारणी करतो का?”

“नाही म्हणतो.”

“सगळेच नाही म्हणतात.”

“माझे वडील आहेत.”

रजतने कागद टेबलावर ठेवला. “मग आणखी एकदा लावू,” तो म्हणाला, आणि कोट पुन्हा अंगात घालून यंत्रापाशी गेला. आकडा तोच आला.

त्या संध्याकाळी मयुरी बसस्टॉपवर उभी राहून शक्यता खोडत गेली. अन्न नाही, कारण आई. पाणी नाही, कारण आई आणि नळ. कातडी नाही, कारण पट्ट्या. वाऱ्याने उडालेले असते तर मानेवर आणि बंडीवर दिसले असते. यंत्राची चूक नाही, कारण रजत. उरली एकच गोष्ट: वडील कुठेतरी चोरून फवारणी करतात, मोजे घालून करतात, आणि घरी येण्याआधी नदीवर अंघोळ करून कपडे बदलतात. हे गृहीतक सगळ्या आकड्यांना लागू पडत होते. ते तिला आवडत नव्हते, पण न आवडणे हा काही त्याविरुद्धचा पुरावा नव्हता.

तिने फोन केला. बाबनरावांनी पूर्ण ऐकून घेतले.

“म्या मारलं नाही,” ते म्हणाले.

“आकडा आहे, बाबा.”

“असंन. तुही मशीन खोटं बोलत नाही, अन् मी बी नाही. आता दोघायच्या मधात तू कायले मरतं? शब्द देल्ला होता. येतो मी.”

त्यांनी वाद घातला असता तर मयुरीला बरे वाटले असते.

जानेवारीतल्या एका रविवारी ती त्यांना न्यायला गेली. सकाळचे ऊन ओट्यावर आले होते. आत जनाबाई पिशव्या भरत होत्या. त्या स्वतः मागाहून, घराची व्यवस्था लावून येणार होत्या, आणि तोवर नवऱ्याला काय काय लागेल याची त्यांना एकटीलाच खात्री होती. मयुरी दाराशी बसून गोधडीची घडी घालीत होती. बाबनराव ओट्यावर होते. मोजे, साबणाच्या पाण्याचे घमेले आणि सुया त्यांनी अजून आवरल्या नव्हत्या. तेवढ्यात पंकज आला.

“काकाजी, जाता जाता येवढं एक करून द्या न,” त्याने नोझल पुढे केले. “रातभर साबणात टाकलं होतं, तुमच्या नियमानं.”

“नवीन काहून घेत नाही गा तू?”

“नवीनचा फवारा तुमच्यावानी पडत नाही.”

“आता नवीनच घेजो. मी चाललो कबुतरायकडे.” पण त्यांनी मोजे चढवले, नोझल घेतले आणि सुई लावली. पंकज पायरीवर बसून मोबाइल पाहू लागला.

आतून जनाबाई म्हणाल्या, “पितळेचा गडू टाकला वं मी. यायले त्याच्याशिवाय पाणी गोड लागत नाही.”

“तिथी फिल्टरचं पाणी आहे,” बाबनराव ओट्यावरून म्हणाले. “त्याले गडूत टाकलं का बाटलीत टाकलं, चव कायची येईन?”

“मंग नेऊ नका.”

“नेऊ नका कोण म्हणते? टाक.”

“आधी नाही म्हणा, मंग टाक म्हणा. अन् कानटोपी?”

“कानटोपी नाही पायजे. मयुरीच्या घरी हवाच येत नाही.”

“उघड्या डोक्यानं फिराल त सर्दी होईन. त्या दवाखान्यात काय सांगतलं होतं?”

“त्यायनं कानटोपीचं सांगतलं होतं काय? कायच्या काय बोलतं तू.”

हे शेवटचे वाक्य म्हणण्याआधी बाबनरावांनी सुई खाली ठेवली होती. बोलता बोलता, मान घराकडे वळवलेली असतानाच, त्यांनी नोझल ओठांशी नेले. चुस्स असा एक बारीक, कोरडा आवाज झाला. मग नोझल उन्हाकडे धरून त्यांनी भोकातून पाहिले, मान हलवली आणि पुन्हा सुई उचलली.

मयुरीच्या हातातली गोधडी अर्धी घडी होऊन राहिली.

“बाबा, तुमी आता काय केलं?”

“काय केलं?”

“नोझल तोंडाले लावलं.”

“नाही वं.”

“म्या पाह्यलं.”

“मी कायले लावतो? औषधाचं आहे ते.” त्यांना खरोखरच वाईट वाटलेले दिसले. “पंकज, तू इथीच होता. लावलं काय गा मी तोंडाले?”

पंकजने मान वर केली. “मी मोबाइल पाहून राहिलो होतो, काकाजी.”

कानटोपी हातात घेऊन जनाबाई दाराशी आल्या. “लावलं न,” त्या म्हणाल्या. “नेहमीच लावतेत. सूत ओढतेत ते.”

“सूत? कायचं सूत?”

“कायचं म्हणजे? मागावरचं.” मुलगी अशी काय पाहते आहे, हे जनाबाईंना कळेना. “सुताची कांडी संपली की धोट्यात नवीन टाका लागते. मंग त्याचं सूत धोट्याच्या भोकातून बाहेर कसं येईन? तोंड लावून ओढा लागते. आळीतले सगळेच ओढत. माह्या सासऱ्याचे समोरचे दात त्यानंच झिजले होते.”

“आई, म्या तुले विचारलं होतं. बाबा दिवसभर काय काय करतेत, सगळं सांग म्हटलं होतं.”

“तू विचारलं काय खातेत, काय पेतेत, कुठी जातेत. सूत ओढतेत काय, हे कुठी विचारलं?” मग त्या जरा मवाळपणे म्हणाल्या, “अन् तुले कायले सांगा लागते? तुहा पाळणा मागाच्या बाजूलेच टांगला होता. त्या आवाजावरच झोपत होती तू.”

हे खरे होते. मयुरीने तो आवाज दिवाळीपासून या ओट्यावर किती वेळा ऐकला असेल, याचा तिला अंदाज करता येईना. घरातल्या घड्याळाची टकटक ऐकू येऊ नये तसा तो तिला ऐकू येत नव्हता. ती वडिलांच्या समोर बसून काम पाहत असे तेव्हा तर तो होतही नसे. परीक्षकासमोर बसल्यासारखे ते नियमाप्रमाणे सुईच चालवीत. लक्ष दुसरीकडे गेले, की हात आणि तोंड आपले जुने काम करीत.

“पुन्हा करून दाखवा,” ती म्हणाली.

बाबनरावांनी नोझल घेतले, त्याकडे पाहिले, ओठांजवळ नेले आणि थांबले. “असं मुद्दाम नाही जमत,” ते म्हणाले. “मले तर माहीतच नाही मी हे करतो म्हून.”

मयुरीने नोझल काढून घेतले. पिशवीतून पट्टी काढून द्रावणात भिजवली आणि ती वडिलांपुढे उकिडवी बसली. त्यांचे तळहात, मनगटे, मान सगळे तिने पुसून पाहिले होते. तोंड पाहिले नव्हते, कारण रसायन हातांना लागते हे तिने गृहीत धरले होते.

“हलू नका. ओठ चाटू नका.”

तिने वरचा ओठ पुसला, मग खालचा, मग दोन्ही कडा. बाबनराव मुकाट्याने हनुवटी वर करून बसले होते.

“तुहं तोंड मी असंच पुसत होतो,” पट्टी बाजूला झाल्यावर ते म्हणाले. “भात खाल्ल्यावर. तू चावत होती.”

“तुमी चावले नाही, हे बरं केलं.”

“मंग आता काय? मी खोटारडा आहे का नाही?”

“नाही,” मयुरी म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचे होते, पण बाटलीचे झाकण घट्ट लावणे आधी आवश्यक होते. ते लावून तिने बाटली खाली ठेवली आणि वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मीच चुकीच्या जागी पाहून राहिली होती.”

“होते असं,” बाबनराव म्हणाले. “पण नोझल बंद?”

“आजपासून बंद.”

“बरं.”

पंकज पायरीवरून म्हणाला, “अन् माहं हे?”

“नवीन घे म्हटलं न तुले,” बाबनराव म्हणाले. “अन् तुंबलं त फेक. फुंकू नको, ओढू नको. नाहीतर हे बाई तुही बी बाटली भरीन.”

आत जनाबाईंनी कोणालाही न विचारता गडू पिशवीतून काढून मडक्यावर ठेवला. मयुरी दुपारच्या बसने एकटी परतली. सोबत फक्त बाटली आणि पंकजचे नोझल होते.

ओठांवरच्या पट्टीत टू-फोर-डी निघाले. त्या घरातून घेतलेल्या कोणत्याही नमुन्यात एवढे निघाले नव्हते. रजतने ती बाटलीही क्रमांक घालून, नाव न पाहता मोजली. नोझलाच्या जाळीमागचा साका मयुरीने खरवडून तपासला, तर त्यात तेच रसायन सुकून घट्ट झालेले होते. रात्रभराचे साबणाचे पाणी तुंबलेल्या भोकातून तिथवर पोहोचतच नव्हते. नोझले ओट्यावरून गेली आणि बाबनरावांच्या दिनक्रमात दुसरा कोणताही बदल केला नाही. ते तेच पाणी पीत, तेच अन्न खात, पंकजच्या धुऱ्यावर उभे राहून त्याच्या चुका काढीत. महिनाअखेरचा नमुना कोरा निघाला, त्याच्या पुढचाही. रक्ताचे आकडे जागेवर होते. डॉक्टरांना तिने सगळे सांगितले. पंप पाठीवर असलेल्या वीस वर्षांत वावरात नोझल तुंबले की बाबनराव काय करीत असतील, असे त्यांनी विचारले. मयुरीने ते आधीच विचारले होते. बाबनरावांना आठवत नव्हते, आणि नकळत केलेली गोष्ट आठवणारही नाही. त्या वर्षांनी आजार आणला की नाही, याचे तिचे उत्तर अजूनही ‘माहीत नाही’ हेच आहे.

लघवीतल्या तणनाशकाचे कारण मात्र सापडले आहे, आणि ते असे. हातमागावरचा विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेतो. बाबनराव लहानपणापासून माग सुटेपर्यंत ते दिवसातून अनेकदा करीत होते. माग गेल्यावरही ती सवय राहिली, आणि बारीक भोकाची कोणतीही वस्तू हातात आली की ती आपोआप चाले. तुंबलेले नोझल ते लक्ष नसताना ओठांना लावून ओढीत. जाळीमागे साचलेले टू-फोर-डी त्या ओढीने थेट तोंडात येई आणि गिळले जाई. म्हणून हात स्वच्छ होते.